सहा बाय सहाचं वेड!

नाणी झाली, पोस्टाची तिकिटं झाली, जुने कॅमेरे आणि चावीची घड्याळंही झाली. पण जुन्या टाइल्स? होय, तुमच्या आजोबांच्या बिल्डिंगच्या जिन्यात होत्या ना, गुलाबाचं फूल आणि मोरपंखी किनार असलेल्या, त्याच! जगभरात या टाइल्सचे दर्दी आहेत, त्यांची संग्रहालयं आहेत आणि हो, त्यांचे चोरही आहेत. हटके छंद शोधताय? मग हे वाचाच. पण छन्नी हातात घ्यायच्या आधी वाचा!

रोज सकाळी नऊ-बावीसची फास्ट लोकल पकडून सीएसएमटीला उतरणाऱ्यांना एक प्रश्न. स्टेशनच्या जुन्या बुकिंग ऑफिसच्या भिंतींचा खालचा भाग कशाचा आहे, सांगता येईल? नाही ना? साहजिक आहे. आपलं लक्ष इंडिकेटरवर, एक हात खिशातल्या मोबाइलवर आणि डोक्यात दहाचं प्रेझेंटेशन. पण कधी एखाद्या रविवारी, गर्दी नसताना, तिथे दोन मिनिटं थांबून बघा. भिंतीला लागून चकचकीत, नक्षीदार टाइल्सचा पट्टा गेलेला दिसेल. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सची ही इमारत १८८८ साली पूर्ण झाली आणि त्या टाइल्स इंग्लंडच्या ‘मॉ अँड कंपनी’ने बनवल्या. सव्वाशेहून जास्त पावसाळे, लाखो खांदे आणि तितक्याच पानाच्या पिचकाऱ्या पचवून त्या अजून चमकताहेत. आपल्या बाथरूमच्या टाइल्सचा रंग पाच वर्षांत उतरतो, म्हणून सांगितलं!

अशी एखादी टाइल एकदा नीट बघितली की मग त्या सगळीकडे दिसायला लागतात. गिरगावातल्या जुन्या बिल्डिंगच्या प्रवेशद्वारात, दादर-माटुंग्याच्या जिन्यांत, इराणी हॉटेलच्या भिंतीवर, गोव्यातल्या घराच्या बाल्कनीखाली. आणि असं दिसायला लागलं की समजायचं, आपलं काही खरं नाही. छंद लागला!

आधी ओळख करून घेऊ

सगळ्यात आधी एक गोंधळ दूर करू. आपल्याकडे ‘जुनी डिझायनर लादी’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते ती रंगीत सिमेंटची फरशी. तीही सुंदरच असते. मुंबईत १९२२ साली सुरू झालेल्या ‘भारत टाइल्स’ने स्वदेशीच्या काळात घरोघरी पोहोचवली ती हीच. पण ती भट्टीत भाजलेली नसते. सिमेंट आणि रंग साच्यात घालून दाबायचं आणि मग पाण्यावर मुरू द्यायचं, असा तिचा फंडा. आपण बोलतोय ते सिरॅमिकबद्दल, म्हणजे भट्टीत भाजलेल्या मातीच्या टाइल्सबद्दल.

त्यातही दोन जाती ओळखता आल्या तरी सुरुवातीला पुरे. पहिली जमिनीवरची ‘एन्कॉस्टिक’ टाइल. हिच्यावरचं डिझाइन रंगवलेलं नसतं. मूळ मातीत खाचा पाडून त्यात दुसऱ्या रंगाची माती भरलेली असते आणि मग सगळं एकत्र भाजलेलं असतं. म्हणजे नक्षी वरवरची नाही, आत रुजलेली. म्हणूनच शंभर-दीडशे वर्षं लोक त्यावरून चालले, तरी फूल पुसलं गेलं नाही. भायखळ्याच्या राणीच्या बागेला खेटून असलेलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली खुलं झालं. तिथली जमीन बघा. ‘मिंटन’च्या टाइल्स म्हणजे काय चीज असते, ते फुकटच्या लेक्चरशिवाय कळेल. (या इमारतीच्या डागडुजीला २००५ साली युनेस्कोचं पारितोषिकही मिळालंय.)

दुसरी जात भिंतीवरची, ‘मजोलिका’. हिच्यावर हात फिरवला की उठावाची नक्षी बोटांना लागते. तिच्यावर रंगीत काचेसारखा झिलईचा थर असतो. गंमत अशी की भट्टीत हा थर वितळतो तेव्हा तो उंचवट्यांवरून ओघळून खोलगट भागांत साचतो. जिथे साचतो तिथे रंग गडद, जिथे पातळ राहतो तिथे फिका. त्यामुळे एकाच हिरव्या रंगात पानाची शीर वेगळी दिसते आणि पातं वेगळं. शेडिंग करायला कुणी चित्रकार बसलेला नसतो, ते काम भट्टीनेच केलेलं असतं. एक टाइल हातात घेऊन खिडकीजवळ तिरकी धरून बघा. एकदम क्लास!

बटणांच्या मशीनमधली टाइल

टाइल ही आधी राजवाड्यांची आणि चर्चची मिरास होती. ओल्या मातीची टाइल सुकवायला कित्येक दिवस जात, त्यात ती वाकायची, तडकायची. मग १८४० साली रिचर्ड प्रॉसर नावाच्या इंग्लिश माणसाने एक पेटंट घेतलं. कशाचं? बटणांचं! जवळजवळ कोरडी, भुकटीसारखी माती साच्यात घालून जोरात दाबायची, की झालं बटण. स्टोक-ऑन-ट्रेंटच्या हर्बर्ट मिंटनने ही आयडिया उचलली आणि बटणांऐवजी टाइल्स दाबायला सुरुवात केली. पाणीच कमी, त्यामुळे सुकण्याचा वेळ कमी, वाकणंही कमी. टाइल स्वस्त झाली आणि मध्यमवर्गाच्या घरात शिरली.

मग मिंटनकडे लिऑन अर्नू नावाचा फ्रेंच केमिस्ट आला आणि त्याने त्या झगझगीत रंगीत झिलया तयार केल्या. १८५१च्या लंडनच्या भव्य प्रदर्शनात त्यांचा बोलबाला झाला आणि मजोलिकाची फॅशनच आली. चुलीभोवती टाइल्स, हॉलच्या भिंतीला टाइल्स, खाटकाच्या दुकानातसुद्धा टाइल्स. मागणी एवढी वाढली की ‘मॉ’ कंपनीने श्रॉपशरमधल्या जॅकफील्डला १८८३ साली नवा कारखाना काढला, तो त्या काळी जगातल्या सर्वांत मोठ्या टाइल कारखान्यांपैकी एक होता. आणि साम्राज्य म्हटलं की बोटी आल्याच. त्या बोटींतून हा माल मुंबई बंदरात उतरायला लागला. स्टेशनं, चर्च, लायब्ररी, पारशी आणि गुजराती शेठजींचे बंगले, सगळीकडे.

मेड इन जपान, पण लक्ष्मी आपली!

आता खरी मजेदार गोष्ट. मुंबईतल्या किंवा गुजरातमधल्या जुन्या घरातून निघालेली गुलाबाची टाइल उलटी केलीत, तर मागे इंग्लंडचं नाव असेलच असं नाही. बरेचदा तिथे ‘मेड इन जपान’ सापडतं.

झालं असं, की १९१४ साली पहिलं महायुद्ध पेटलं आणि युरोपातला माल येणं अवघड झालं. ही फट जपानी कारखान्यांनी बरोबर हेरली. आवाजी बेटावरची ‘दांतो’ आणि नागोयाच्या बाजूच्या इतर कंपन्यांनी आधी इंग्लिश डिझाइन्स सरळ उचलली. पण नंतर गिऱ्हाईक बघून माल बनवायला सुरुवात केली. तैवानसाठी फळं आणि फुलं, सिंगापूर-मलायातल्या चिनी व्यापाऱ्यांच्या घरांसाठी पिओनी, आणि भारतासाठी? साक्षात देव! कमळावरची लक्ष्मी, वीणा घेतलेली सरस्वती, मुरलीधर कृष्ण.

हे देव जपान्यांना कुठून मिळाले? तर आपल्याच कॅलेंडरांतून. राजा रवि वर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळच्या मळवलीला हलवला. तिथल्या रंगीत तसबिरी घराघरांतल्या देव्हाऱ्यात गेल्या, आणि त्या धाटणीची चित्रं समुद्रापलीकडेही पोहोचली. जपानी कारागिराने त्यांच्यावरून उठावाचे साचे केले, रंगीत झिलई चढवली आणि त्या टाइल्स पेटीत भरून पुन्हा भारतात पाठवल्या. मळवलीच्या परंपरेतली लक्ष्मी जपान फिरून काठियावाडातल्या शेठजींच्या दरवाज्यावर येऊन बसली! ग्लोबलायझेशन आपल्या ऑफिसच्या कॉन्फरन्स कॉलपासून सुरू झालं, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे खास.

या देवांच्या टाइल्स राजस्थान, गुजरात आणि तमिळनाडूतल्या चेट्टीनाडपर्यंत सापडतात. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ही निर्यात आटली. म्हणजे सगळा खेळ उणापुरा पाव शतकाचा. माल मर्यादित, नवा निघणार नाही आणि दरवर्षी फुटून कमी होणार. संग्राहकांच्या तोंडाला पाणी का सुटतं, ते आलं लक्षात? जपानलाही उशिरा का होईना, आपल्या या मालाची आठवण झाली. तोकोनामे या कुंभारांच्या गावात १९९७ साली टाइल्सचं आख्खं संग्रहालय उभं राहिलं. मासायुकी यामामोतो या संशोधकाने आयुष्यभर देशोदेशी फिरून जमवलेल्या हजारो टाइल्स हा त्याचा पाया. हौसेला मोल नाही म्हणतात, ते असं.

गोव्याची निळाई, लिस्बनचे चोर

गोव्याला जाताय? बीच आणि शॅक यांच्यामधून अर्धा तास काढा. पणजीत मिनेझिस ब्रागांझा इन्स्टिट्यूटच्या प्रवेशदालनात शिरा. भिंतीभर निळ्या-पांढऱ्या टाइल्सवर आख्खं महाकाव्य रंगवलेलं आहे. कामोइश या पोर्तुगीज कवीच्या ‘लुझियाद’मधले प्रसंग, चित्रकार जॉर्ज कोलासो, साल १९३५. याच कोलासोने पोर्तुगालमधल्या पोर्तो शहराचं साओ बेंतो स्टेशन तब्बल वीस हजारांच्या आसपास टाइल्सनी मढवलं होतं. पोर्तुगीज या टाइलला ‘अझुलेजो’ म्हणतात. ऐकून ‘अझुल’, म्हणजे निळा, असं वाटतं. पण शब्दाचं मूळ अरबी आहे, गुळगुळीत केलेला छोटा दगड अशा अर्थाचं. फोंतेन्हासच्या गल्ल्यांत घरांच्या नावांच्या पाट्या बघता ना, ती याचीच धाकटी भावंडं. (मारिओ मिरांडांची व्यंगचित्रं असलेल्या टाइल्स गोव्याहून आणल्या असतील, तर उत्तम! पण त्या नव्या आहेत, अँटिक नव्हेत. कुणी तसं सांगून गळ्यात मारत असेल तर हसून पुढे व्हा.)

पण या अझुलेजोच्या माहेरी, लिस्बनमध्ये, काय झालं ते ऐका. तिथे आख्ख्या इमारतींच्या दर्शनी भिंती टाइल्सच्या. पर्यटक वाढले, ‘एक जुनी टाइल आठवण म्हणून’ घ्यायची फॅशन आली आणि बाजारात सुट्या टाइल्सना भाव चढला. परिणाम? रात्री शिड्या लावून लोक भिंतीवरच्या टाइल्स उचकटू लागले. रिकाम्या पडलेल्या घरांतून, चर्चमधून, वाड्यांमधून आख्खीच्या आख्खी चित्रं गायब. एका मोठ्या चित्राच्या शंभर टाइल्स असतील, तर त्यातली एकेक वेगळी विकली की चित्र कायमचं संपलं. शंभर घरांत शंभर तुकडे. कुणाकडे घोड्याचा कान, कुणाकडे जहाजाचं टोक.

शेवटी २००७ साली पोलिसांच्या संग्रहालयाने पुढाकार घेऊन ‘एसओएस अझुलेजो’ ही मोहीम सुरू केली. चोरीला गेलेल्या टाइल्सचे फोटो सगळ्यांना बघता येतील असे जाहीर करायचे, म्हणजे घेणारा आणि विकणारा दोघांनाही अडचण. शाळांमधून मुलांना टाइल्स ओळखायला शिकवायचं. २०१३ साली लिस्बनमध्ये टाइल्सच्या दर्शनी भिंती पाडण्यावर बंधन आलं आणि २०१७ साली ते देशभर लागू करणारा कायदा झाला. नोंदलेल्या चोऱ्या खूप खाली आल्या. पण गेलेल्या भिंती परत आल्या नाहीत.

या गोष्टीतला बोचणारा भाग काय आहे माहितीये? ज्यांनी त्या टाइल्स विकत घेतल्या, त्यांना त्या मनापासून आवडत होत्या. त्यातला एकही जण स्वतःला चोर म्हणवून घेणार नाही. टाइलवरचं प्रेमच टाइलच्या मुळावर आलं.

चियायीचे टाइलवेडे

आता याच्या बरोबर उलटी गोष्ट. तैवानमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानी राजवट होती, त्यामुळे तिथल्या जुन्या घरांच्या छपरांवर आणि दर्शनी भिंतींवर जपानी मजोलिका टाइल्स भरपूर. पुढे शहरं वाढली, जुनी घरं धडाधड पडू लागली. तेव्हा शू चिया-पिन नावाच्या तरुणाने आणि त्याच्या मित्रांनी एक उद्योग सुरू केला. कुठलं घर पडणार आहे याची खबर काढायची, मालकाला गाठायचं, परवानगी मागायची आणि बुलडोझर यायच्या आधी टाइल्स उतरवून घ्यायच्या. भिंतीचा तुकडाच कापून आणायचा आणि मग घरी बसून मागचं सिमेंट हळूहळू काढायचं. शनिवार-रविवार यातच. बहुतेक मंडळी नोकरदार, बरं का!

अशी वर्षानुवर्षं जमवलेल्या टाइल्समधून चियायी शहरातल्या एका जुन्या लाकडी वास्तूत त्यांनी संग्रहालय उभं केलं. मूळ टाइल्सवरून नव्या प्रतिकृती तयार करून ज्यांना आपली जुनी घरं दुरुस्त करायची आहेत, त्यांना मदत करायची, हेही काम जोडीला. म्हणजे टाइल भिंतीवरून निघाली, पण तिचा उपयोग दुसरी भिंत वाचवायला झाला.

लिस्बन आणि चियायी. दोन्हीकडे छन्नी तीच, हातोडीही तीच. एकीकडे टाइलसाठी भिंत तोडली. दुसरीकडे भिंत पडणारच होती म्हणून टाइल वाचवली.

आणि आपल्याकडे?

आपण या दोघांच्या अगदी मधोमध उभे आहोत. मुंबई-पुण्यात रीडेव्हलपमेंट म्हणजे घराघरातला विषय. बिल्डरबरोबर कार्पेट एरिया, कॉर्पस फंड, पार्किंग यावर सोसायटीच्या मीटिंगा रात्री बारापर्यंत चालतात. जिन्यातल्या टाइल्सचं काय होणार, हा प्रश्न अजेंड्यावर कधीच नसतो. इमारत पाडणारा कंत्राटदार सागवानी दरवाजे, खिडक्या, लोखंड, गज यांचे पैसे धरतो. टाइल्सचे धरत नाही. का? कारण लाकूड काढायला मिनिटं लागतात आणि घट्ट बसलेली टाइल अख्खी काढायला चिकाटी लागते. त्यामुळे नव्वद-शंभर वर्षांपूर्वी आवाजी बेटावरून बोटीने आलेला गुलाब विटांच्या चुऱ्यात मिसळून ट्रकमधून भरणीला जातो. आणि त्यावर कुणीही रडत नाही, कारण तो तिथे होता हेच कुणाला आठवत नाही.

आता समजा, मी हा लेख लिहिला, तुम्ही वाचलात आणि उद्या हजार जण जुन्या टाइल्स मागत बाजारात फिरू लागले. काय होईल? कंत्राटदार टाइल्स जपून काढू लागेल, हे चांगलं. पण ज्या बिल्डिंगा पडायच्या नाहीत, जिथे वॉचमन नाही, जिथे भाडेकरू आणि मालक यांची कोर्टात केस चालू आहे, तिथल्या जिन्यांत रात्री ठोकाठोकी सुरू होईल, हे वाईट. म्हणून या छंदात सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न ‘केवढ्याला?’ हा नाही. ‘कुठून आली?’ हा आहे. विकणाऱ्याला तो बिनधास्त विचारा. कुठलं गाव, कुठली बिल्डिंग, पाडली का? उत्तर गुळमुळीत आलं, किंवा टाइलच्या कडा ताज्या तुटलेल्या आणि मागचा चुना पांढराशुभ्र दिसला, तर टाइल कितीही देखणी असो, ठेवून द्या. जमेल, खरंच जमेल.

कायद्याचंही थोडं ऐकून घ्या. मुंबईत १९९५पासून हेरिटेज इमारतींची यादी आणि नियम आहेत. अशा इमारतीतलं काहीही मनाला येईल तसं काढता येत नाही. दुसरं, १९७२चा पुरावशेषांचा कायदा. शंभर वर्षांहून जुन्या कलाकुसरीच्या वस्तू त्यात येतात आणि त्या व्याख्येत ‘इमारतीपासून सुटी केलेली वस्तू’ असा स्पष्ट उल्लेख आहे. अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे व्हिक्टोरियन टाइल न्यू जर्सीच्या मावसभावाला लग्नात प्रेझेंट म्हणून सूटकेसमधून पाठवायचा बेत असेल, तर तो रद्द! आणि जपानी टाइल्सनाही हे हळूहळू लागू होतंय, कारण १९२०च्या आसपासच्या टाइल्सनी शंभरी गाठलीसुद्धा.

सुरुवात कशी कराल?

या छंदाची एक गोष्ट वन-बीएचकेवाल्यांना फार सोयीची आहे. बहुतेक इंग्लिश आणि जपानी टाइल्स सहा इंच बाय सहा इंच. दहा टाइल्स एका पुस्तकाच्या कप्प्यात मावतात. जुनं फर्निचर जमवणाऱ्यांसारखी बायकोची किंवा रूममेटची बोलणी खावी लागत नाहीत.

मुंबईत शोधायचं तर चोर बाजारातली मटण स्ट्रीट आणि जोगेश्वरीचं ओशिवरा फर्निचर मार्केट. पुणेकरांसाठी बुधवार-रविवारचा जुना बाजार. मटण स्ट्रीटवरची अँटिकची दुकानं शुक्रवारी बंद असतात, हे लक्षात ठेवून जा. टाइल्स बरेचदा सुट्या नसतातच. जुन्या वॉशस्टँडच्या पाठीला, हॉलमधल्या टोप्या-छत्र्यांच्या स्टँडला बसवलेल्या असतात. घाई करू नका. पहिल्या दोन-तीन फेऱ्या नुसत्या बघण्यात घालवा. दुकानदाराशी गप्पा मारा, चहा प्या. टाइल हातात घेऊ द्या म्हणा, आणि हातात आली की पहिलं काम म्हणजे ती उलटी करा!

टाइलचा खरा बायोडेटा तिच्या पाठीवर असतो. मिंटनच्या घराण्यातून १८६८ साली दोन वेगळ्या कंपन्या झाल्या, ‘मिंटन हॉलिन्स’ आणि ‘मिंटन्स चायना वर्क्स’. मागचा शिक्का वाचून कुठली ते कळतं. १८४२ ते १८८३ या काळातल्या इंग्लिश मालावर डिझाइनच्या नोंदणीची चौकटच्या आकाराची खूण असू शकते. १८८४पासून तिच्या जागी ‘आरडी नंबर’ आला, तोही एकपासून चढत्या क्रमाने. म्हणजे नंबर जेवढा लहान, तेवढं डिझाइन जुनं. नुसतं ‘इंग्लंड’ लिहिलेलं असेल तर साधारण १८९१नंतरचा माल समजायला हरकत नाही, कारण अमेरिकेने त्या साली आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. इतिहास पाठ करायला कधी आवडला नसेल, पण असा मागून वाचायला मजा येते.

आणि प्रत्येक टाइलबरोबर एक चिठ्ठी ठेवा. कुठे मिळाली, कधी, कुठल्या घरातून आली. ही चिठ्ठी नसेल तर तुमच्याकडे आहे ती फक्त एक सुंदर टाइल. चिठ्ठी असेल तर तुमच्याकडे एका पाडलेल्या घराचा शेवटचा पुरावा आहे.

टाइल घरी आणल्यावर

• अ‍ॅसिड नको म्हणजे नको! बाथरूम चकाचक करणारं ते लिक्विड जुन्या झिलईची वाट लावतं. साधं पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश. बस्स.

• बारीक केसांसारख्या चिरा दिसल्या तर घाबरू नका. झिलई आणि माती वेगवेगळ्या प्रमाणात आकसल्यामुळे त्या पडतात. आरपार गेलेली भेग मात्र वेगळी. बोटाच्या पेराने हलकेच टिचकी मारा. आवाज खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर कुठेतरी भेग आहे.

• भिंतीतून निघालेल्या टाइलमध्ये क्षार मुरलेले असतात. काही दिवसांनी पांढरी पूड वर आली तर स्वच्छ पाण्यात भिजत ठेवा, पाणी बदलत राहा आणि मग सावलीत पूर्ण सुकू द्या.

• मागचं सिमेंट घट्ट असेल तर हातोडी घालू नका. राहू दे. सिमेंटसकट अख्खी टाइल, स्वच्छ तुकड्यांपेक्षा बरी.

• एकावर एक थप्पी लावू नका. पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा, मध्ये कागद किंवा फेल्ट घाला.

• मजोलिकाच्या झिलईत बहुधा शिसं असतं. त्यामुळे टाइलवर चीज किंवा सँडविच सर्व्ह करायची आयडिया सोडा. घासकाम, ड्रिलिंगही नको.

• भिंतीला कायमची चिकटवू नका. फ्रेममध्ये बसवा. तुम्ही भाड्याचं घर बदलाल तेव्हा मला दुवा द्याल!

एक रुपयाही खर्च न करता

आता शेवटचं. हा छंद सुरू करायला टाइल विकत घ्यायलाच हवी असं अजिबात नाही. तुमच्या खिशात कॅमेरा आहेच. या रविवारी आजोळच्या, मित्राच्या, ऑफिसशेजारच्या जुन्या बिल्डिंगच्या जिन्यात जा. वॉचमनकाकांना विचारा, टाइल्सचे फोटो काढा. एक टाइल जवळून, एक आख्खी भिंत लांबून. बिल्डिंगचं नाव, रस्ता, तारीख लिहून ठेवा. लिस्बनमध्ये चोरांना आळा बसला, त्यात पोलिसांइतकाच फोटोंचाही वाटा होता.

आणि तुमची स्वतःचीच सोसायटी रीडेव्हलपमेंटला जात असेल, तर पुढच्या मीटिंगला हात वर करा. सेक्रेटरीकाका आधी हसतील, हसू देत. करारात एक ओळ टाकायला सांगा : जिन्यातल्या आणि प्रवेशद्वारातल्या जुन्या टाइल्स पाडकामाआधी सोसायटीच्या खर्चाने उतरवून सभासदांच्या ताब्यात द्याव्यात. जमलं तर त्यातल्या नव्या लॉबीत एका भिंतीवर लावाव्यात. कार्पेट एरिया एका इंचानेही कमी होत नाही. पण बावीस मजली टॉवरच्या इटालियन मार्बलच्या लॉबीत, लिफ्टची वाट बघताना, कुणाच्या तरी आजीला तिच्या लग्नाच्या वेळचा जिना दिसेल. आणि तिच्या नातवाला कळेल, की हा गुलाब इथे आपल्या आधीपासून राहायला आहे.